शिंपल्यांत लोकांना एवढं काय सुंदर दिसतं? त्यांना खरंच काही अर्थ असतो का?

तुमच्या प्रश्नाखालच्या तपशिलातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हे लिहायला बसले. बायकोला समुद्रावरून शिंपले आणायची सवय आहे, घरात डबे साठलेत, त्यांत सुंदर काय ते तुम्हाला कळत नाही, अमुक शिंपला नशीब आणतो म्हणतात ते खरं का, इथपर्यंत सगळं ठीक. पण "फुटके, भोकं पडलेले टाकून चांगले तेवढे ठेवू म्हणतो" असं जे लिहिलंय, ते करू नका. टाकायचेच असतील तर चांगले टाका आणि फुटके ठेवा.

आधी नशिबाचं उरकते. शिंपला नशीब आणत नाही. 'कोणत्या शिंपल्याचा काय अर्थ' अशा ज्या याद्या फिरत असतात, त्यांतले निम्मे अर्थ विक्रेत्यांनी चिकटवलेले असतात आणि उरलेल्यांमागे साधा इतिहास असतो. कवडीला संपत्तीचं चिन्ह म्हणतात, कारण ती खरोखरच पैसा होती. टणक, एकसारखी, मोजायला सोपी, खोटी बनवायला अवघड. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून बंगालात यायच्या, आणि पुढे युरोपी व्यापारी त्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांच्या बदल्यात माणसं विकत घ्यायचे. ज्यांच्या मोबदल्यात त्या कवड्या मोजल्या गेल्या, त्यांचं काय भाग्य उजळलं ते तुम्हीच ठरवा. पंख्याच्या आकाराचा शिंपला स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण झाला, तोही 'मी तिथवर जाऊन आलो' याचा पुरावा म्हणून. अर्थ माणसं लावतात, वापरातून लावतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त तो अर्थ शिंपल्याच्या आत भरून आलेला नसतो.

आता सौंदर्य. इथे मला आमच्या भावोजींना मध्ये आणावं लागेल.

भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. माणूस लाखात एक, माझ्या अडीअडचणीला धावून येणारा, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ताई हे वाचेल आणि फोन येईल. पण शिंपल्यांच्या बाबतीत आमचं कधीही जमलेलं नाही. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट आहे. आत दिवे सोडलेत आणि खालीवर सगळे विकत घेतलेले शंख मांडलेत. एकूण एक गुळगुळीत, चकचकीत, कुठे टवका नाही की ओरखडा नाही. प्रत्येकाखाली नावाची पट्टी. पाहुणा नीट टेकायच्या आत त्याला कपाटासमोर उभं केलं जातं.

भाचीला नाद लागला तो मात्र माझ्यामुळे. ओहोटीच्या वेळी मान खाली घालून चालत राहायचं, हे तिला मी शिकवलं. आम्ही दोघी जे उचलून आणायचो ते बहुतेक अर्धंमुर्धंच असायचं. कडा झिजलेल्या, रंग उडालेले, भोकं पडलेली. एका सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा तिने वडिलांकडे मागणी केली की कपाटातला खालचा कप्पा मला द्या, माझे शिंपले मांडायचेत.

भावोजींनी तिचा डबा उघडून बघितला आणि हसले. "अगं, हे काय मांडायचं? फुटकंतुटकं सगळं. कचरा आहे हा." मग माझ्याकडे वळून, "मेव्हणीबाई, ही तुमचीच कृपा."

एवढ्यावर भावोजी थांबले असते तर मीही गप्प बसले असते. पण त्यांनी वरच्या कप्प्यातला नॉटिलस काढला, म्हणजे त्याच नावाच्या समुद्री प्राण्याचा वळत गेलेला शंख. मधोमध कापून पॉलिश केलेला असतो ना, आतले कप्पे दिसावेत म्हणून, तो. आणि पोरीला पाठ द्यायला लागले. हे बघ, याला म्हणतात सौंदर्य. हे सुवर्ण गुणोत्तर. निसर्गाने यात गणित कोरून ठेवलंय, सगळ्या विश्वाचं रहस्य आहे यात, वगैरे.

मी विचारलं, "भावोजी, टेप आहे का घरात?"

ताई आतून ओरडली, "आल्या आल्या सुरू नको हं करूस." पण शिवणाच्या डब्यातली टेप तिनेच आणून दिली.

सुवर्ण गुणोत्तर म्हणजे १.६१८. त्या नावाने जी वळणदार रेघ सगळीकडे छापलेली दिसते, ती दर पाव फेऱ्याला तेवढ्या पटीने मध्यापासून दूर जाते. म्हणजे पूर्ण फेऱ्यात ६.८५ पट. नॉटिलस पूर्ण फेऱ्यात वाढतो साधारण तिप्पट. मोजायला काही लागत नाही. मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक माप, त्याच रेषेत एक फेरा आतलं दुसरं माप, आणि भागाकार. भावोजींचा नॉटिलस बाहेर अकरा सेंटिमीटर भरला, आत साडेतीन. भागाकार भाचीने केला. तीनच्या जरा वर.

"टेप तिरकी धरलीत तुम्ही," भावोजी म्हणाले.

काही दिवसांनी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कुठलं तरी चित्र पाठवलं. पाव फेऱ्याऐवजी अर्ध्या फेऱ्याला १.६१८ धरलं तर पूर्ण फेऱ्यात २.६ येतात, आणि २.६ म्हणजे जवळजवळ तीनच की! उत्तर आधी ठरवून घेतलं की बेरीज-वजाबाकी कशीही जमवता येते. तो निरोप मी अजून पुसलेला नाही.

नॉटिलस सुंदर नाही असं माझं म्हणणं नाही. त्याची खरी गंमत अशी, की तो कितीही वाढला तरी त्याचा आकार बदलत नाही. लहानपणीचा नॉटिलस मोठा करून बघितला तर म्हाताऱ्यासारखाच दिसेल. याच गुणामुळे याकोब बेर्नुली हा गणिती त्या वळणावर इतका लुब्ध होता की ते आपल्या थडग्यावर कोरावं अशी इच्छा त्याने ठेवली. १७०५ साली तो गेला, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या पाथरवटाने भलतंच वळण कोरलं, फेऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं असलेलं! बिचारा. तर नॉटिलसकडे सांगण्यासारखं स्वतःचं पुष्कळ आहे. त्याच्यावर विश्वाचं रहस्य लादायचं कशाला?

मग मी भाचीच्या डब्यातला एक शिंपला काढून टेबलावर ठेवला. दोन झडपांपैकी एकच उरलेली, अंगठ्याच्या नखाएवढी, घासून घासून पांढरट पडलेली. बिजागरीच्या थोडं खाली एक भोक. भावोजी म्हणाले, "कुणीतरी माळेसाठी पाडलं असेल." मी म्हटलं, नीट बघा. भोक अगदी वाटोळं होतं, बाहेरच्या अंगाला रुंद आणि आत जाताना निमुळतं. स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून सुतार भोकाची कड उतरवतो ना, तसं. माणसाने टोचा मारला असता तर कड खडबडीत राहिली असती.

हे काम वाळूत राहणाऱ्या एका शिकारी गोगलगाईचं असतं. मून स्नेल म्हणतात तिला. शिंपला सापडला की ती आपल्या रुंद पायाने त्याला वेढून धरते. मग एका अवयवातून आम्ल सोडून कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा खरवड. कवच जाड असेल तर हे काम दिवसाहून जास्त चालतं. आरपार झालं की सोंड आत घालून आतला जीव खाऊन टाकायचा. मागे उरतं ते हे भोक.

डब्यात आणखी एक होता, तो मी मुद्दाम दुसरा काढला. याचं भोक आरपार नव्हतं. नुसता वाटोळा खळगा, आणि खळग्याच्या तळाशी मधोमध किंचित उंचवटा. मून स्नेलचं काम अर्ध्यावर सुटलं की असा उंचवटा राहतो. भाचीने त्यावरून नख फिरवलं. "म्हणजे हा वाचला?"

"त्या दिवशी तरी."

भावोजींनी दोन्ही शिंपले हातात घेतले, दिव्याखाली धरले, चष्मा वर करून बघितले. मला वाटलं आता मानतील. तर म्हणतात, "ते सगळं ठीक. पण दिसायला काय आहे त्यात?"

माझ्या मते तुमचा प्रश्नही तोच आहे.

दिसायला काय आहे, तर एका जिवाची सगळी वही आहे. शिंपला आतला प्राणीच बांधतो. त्याच्या अंगावर एक मऊ पडदा असतो, तो कडेला थर सोडत जातो आणि कवच कडेकडेने वाढतं. आधी बांधलेलं मागे तसंच राहतं, खोडता येत नाही. कुठे उपासमार झाली, कुठे थंडी पडली, कुठे खेकड्याने कड मोडली आणि ती पुन्हा सांधली, सगळं रेघांत. आइसलँडजवळ २००६ साली मिळालेल्या एका शिंपल्याच्या रेघा मोजल्या तेव्हा त्याचं वय ५०७ वर्षं निघालं. म्हणजे तो जन्मला १४९९ साली. मोजणाऱ्यांच्या हाती आला तेव्हा जिवंत होता आणि त्या भानगडीतच मेला, हेही सांगायला हवं.

जीरट वर्मे नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत, १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तीन वर्षांचे असल्यापासून पूर्ण अंध. शाळेत असताना शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गात ठेवले होते. लहानपणी हाताळलेल्या थंड पाण्यातल्या खडबडीत शिंपल्यांपेक्षा ते इतके नक्षीदार आणि गुळगुळीत लागले, की हा फरक कशामुळे पडतो या एका प्रश्नाने त्या मुलाचा पुढचा सगळा जन्म व्यापला. बोटांनी आणि नखाने चाचपून त्यांनी कोट्यवधी वर्षांच्या शंखांवरचे सांधलेले व्रण शोधले, आणि खेकडे, मासे यांचा हल्ला जसजसा जोरदार होत गेला तसतशी कवचं कशी जाड आणि काटेरी होत गेली त्याचा इतिहास उभा केला. डोळ्यांना दिसणारा रंग त्यात कुठेच नाही! आणि हे सगळं ज्या व्रणांवरून कळलं, ते भावोजींच्या कपाटात यायच्या आधीच 'खराब माल' म्हणून बाजूला पडले असते.

आणखी एक. कितीतरी शंखांवरची सुंदर नक्षी जिवंतपणी कुणाला दिसतच नाही. वर जाड, मळकट साल असते, किंवा जीव सगळा वेळ वाळूत गाडलेला असतो. म्हणजे ती नक्षी ना जोडीदारासाठी, ना शत्रूसाठी, आपल्यासाठी तर नाहीच नाही. कवच बांधताना कडेला रंग सोडायचा आणि थांबवायचा जो क्रम चालतो, त्याची ती खूण आहे. शिंपल्याच्या आतली मोतिया झळाळीही तशीच, तिथे रंग नसतोच. खनिजाचे अतिशय पातळ थर एकावर एक बसलेले असतात, त्यांच्यातून प्रकाश उलटतो तेव्हा रंग दिसतात. हे कळल्यावर मला शिंपला जास्त सुंदर दिसायला लागला. काहींना उलट वाटतं, की शिंपला म्हणजे नुसतं कॅल्शियम कार्बोनेट म्हटलं की मजा गेली. त्यांना मी काही सांगू शकत नाही.

फुटक्या-भोकाच्या शिंपल्यांबद्दल माझ्या बाजूने सगळ्यात जुना साक्षीदार आहे इस्रायलमधली कफझे नावाची गुहा. समुद्रापासून तीस-चाळीस किलोमीटर आत. तिथे लाखभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी नेलेले शिंपले सापडले, आणि त्यांची भोकं माणसाने पाडलेली नाहीत. लाटांनी घासून बिजागरीजवळ आपोआप पडलेली. किनाऱ्यावर धड शिंपलेही असणारच, पण यांनी वेचून भोकवाले उचलले आणि दोऱ्यात ओवले. दोरा घासल्याच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भोक होतं म्हणून तर तो गळ्यात घालता आला. हे मी भावोजींना पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

दुर्मिळपणाचं म्हणाल तर तोही सौंदर्याचा पुरावा नाही. कोनस ग्लोरियामारिस म्हणून एक शंकूसारखा लांबट शंख आहे. १७७७ पासून माहीत, पण इतके कमी नमुने की संग्राहक त्याच्यासाठी वेडे व्हायचे. १९६९ साली सोलोमन बेटांतल्या ग्वादालकनालजवळ पाणबुड्यांना त्यांची वस्तीच सापडली आणि भाव कोसळला. शंखाची नक्षी आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशीही होती.

मला खटकणारी मुख्य गोष्ट वेगळीच आहे. विकायला ठेवलेले ते निर्दोष चकचकीत मोठे शंख बहुतेक किनाऱ्यावर सापडलेले नसतात. जीव मेल्यावर कवच लाटांत लोळतं, झिजतं, इतर प्राणी त्यात घरं करतात. टवका न उडालेला शंख हवा असेल तर तो जिवंतपणीच काढावा लागतो, आतला जीव काढून टाकावा लागतो, मग वरची साल आम्लाने उतरवून पॉलिश. नॉटिलसला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि या धंद्यापायी तो इतका ओरबाडला गेला की २०१६ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्याला घालावं लागलं. आता परवानगीच्या कागदाशिवाय तो देशाबाहेर विकता येत नाही. भावोजींचा त्याआधीचा आहे, असं ते म्हणतात.

किनाऱ्यावरून उचललेलं सगळं पुण्याचं असंही नाही, नाहीतर तुम्ही हे बायकोला दाखवाल आणि ती टोपली घेऊन निघेल. रिकामी कवचं संन्यासी खेकड्यांना घर म्हणून लागतात. स्पेनच्या एका किनाऱ्यावर तीस वर्षांच्या अंतराने शिंपले मोजले, तर पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शिंपले साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. तेव्हा मूठभर आणावेत, आत कुणी नाही ना बघून आणावेत. काही ठिकाणी उचलायला बंदीच असते. आणि शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हात लावायचा नाही. त्यांतल्या काही जाती विषारी दात मारतात, माणसं मेलेली आहेत. मुलं बरोबर असली तर हे आधी सांगा.

बायकोचे डबे टाकायच्या आधी एकदा तिच्याबरोबर बसून उघडा. कुठला कुठून आणला ते तिला आठवत असेल, ते चिठ्ठीवर लिहून त्या-त्या शिंपल्याबरोबर ठेवा, कारण चिठ्ठीशिवाय शिंपला अर्धा मुका. ज्यांना भोकं आहेत ती सरळ आहेत की कड उतरवलेली आहेत ते बघा. सरळ असली तर शिकारी बहुधा दुसरा. कानाला लावल्यावर समुद्र ऐकू येतो तो समुद्र नसतो, खोलीतलाच आवाज आत घुमतो. पेला लावलात तरी ऐकू येईल. सुंदर दिसतो की नाही ते मग ठरवा, आणि नाहीच दिसला तर निदान डबा तिचा आहे एवढं लक्षात ठेवा.

ठेवायचं म्हणाल तर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे, उन्हात ठेवायचे नाहीत, रंग जातो. ब्लीचमध्ये बुडवायचे नाहीत. लाकडाच्या, प्लायवूडच्या किंवा पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात तर मुळीच नको. त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि वर्षानुवर्षं शिंपल्यांना खात बसते. आधी चमक जाते, मग अंगावर पांढरी भुकटी धरते. प्लॅस्टिकचा किंवा काचेचा डबा बरा. भावोजींचं कपाट काचेच्या दारांचं असलं तरी आतून प्लायवूडचं आहे आणि दारं घट्ट बसतात. मी ताईला सांगून ठेवलंय.